यादीत नसलेली माणसे : कोविडच्या वर्षात एचआयव्ही चाचणीचे काय झाले?

कृष्णाकाठ

मी बारा वर्षे एका ग्रामीण रुग्णालयाच्या आयसीटीसीमध्ये, म्हणजेच एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, समुपदेशक होते. मागच्या महिन्यात एका कार्यक्रमात एक वक्ते म्हणाले, ‘कोविडच्या वर्षी एचआयव्हीचे नवे रुग्ण कमी झाले, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट’, आणि सभागृहाने माना डोलावल्या. ते वाक्य घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून जाईना. त्या वर्षी मी नेमके काय पाहिले ते लिहून ठेवावे, म्हणून हा धागा काढते आहे. इतर जिल्ह्यांत काम केलेल्यांनी भर घालावी आणि माझे चुकत असेल तिथे अवश्य सांगावे.

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली तेव्हा आमचे केंद्र कागदोपत्री बंद झाले नव्हते. आरोग्यसेवा अत्यावश्यक होती, त्यामुळे दारावरची पाटीही तशीच राहिली. मात्र आमच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञाला घशातील स्वॅब घेण्याच्या कामावर पाठवले गेले आणि मला बाधितांच्या संपर्कातील लोकांना फोन करण्याच्या कक्षात बसवले गेले. रुग्णालयात दार लावून बोलता येईल अशी एकच छोटी खोली होती, ती समुपदेशनाची. ती फीवर क्लिनिकला गेली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता, माणसेच तेवढी होती. पण समुपदेशक, तंत्रज्ञ आणि बंद दार या तीन गोष्टी काढून घेतल्यावर चाचणी केंद्रात उरते फक्त कपाट. माझ्या नोंदवहीत एप्रिलच्या पानांवर गरोदर स्त्रियांच्या नोंदी आहेत, त्याही तुरळक. स्वतःहून आलेल्या पुरुषांचा रकाना संबंध महिनाभर कोरा आहे.

स्वतःहून येणारा माणूस कसा येतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. तो बहुधा आपल्या गावच्या रुग्णालयात येतच नाही. तो शेजारच्या तालुक्यात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात जातो, कारण आपल्याकडच्या केसपेपरच्या खिडकीवर मावसभाऊ बसलेला असतो. त्या वर्षी जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता आणि ई-पासच्या अर्जात प्रवासाचे कारण लिहावे लागत होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती अट उठली, तोवर पाच महिने उलटले होते. ‘एचआयव्हीची चाचणी करून घ्यायची आहे’ हे कारण कोण लिहिणार होते?

त्यात ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाला त्या महिन्यांत वेगळाच धाक आला. बाधितांच्या नावांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या, घरांवर फलक लागत होते, गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले जात होते. आम्ही वर्षानुवर्षे लोकांना सांगत आलो होतो की तुमचा निकाल तुमच्याखेरीज कोणाला कळणार नाही. शेजारचा माणूस पॉझिटिव्ह निघाल्याचे अख्ख्या गावाला तासाभरात कळते, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने आम्ही दिलेल्या शब्दावर विश्वास का ठेवावा?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांपैकी सर्वाधिक, सुमारे ३.९४ लाख, महाराष्ट्रात होते. या लोकांत दोन गट आहेत. एकाला आपले निदान ठाऊक आहे. त्याचे नाव एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्राच्या, यादीत आहे. दुसऱ्याला ते ठाऊक नाही. महामारीत आरोग्ययंत्रणेने पहिल्या गटाला सांभाळण्याची शर्थ केली. दुसऱ्या गटाला सांभाळणे शक्यच नव्हते, कारण त्याची यादीच नसते. चाचणी हाच त्या यादीत येण्याचा एकमेव दरवाजा आहे. ‘रुग्ण कमी झाले’ या वाक्यात हा दुसरा गट कुठेच दिसत नाही, हे मला सांगायचे आहे.

वाचक_नाशिक

ताई, लेख मनापासून वाचला. मी या क्षेत्रातला नाही, म्हणून एक शंका विचारतो. टाळेबंदीत प्रवास थांबला, लॉज बंद होते, लोक घरात होते. मग संसर्गच खरोखर कमी झाला असेल आणि म्हणून रुग्ण कमी सापडले असतील, असे का म्हणता येणार नाही?

आकडेमोड

आपली शंका अगदी योग्य आहे आणि तिचे उत्तर या आजाराच्या वेगात दडलेले आहे. संसर्ग झाल्यापासून प्रकृती ढासळेपर्यंत एचआयव्हीत सर्वसाधारणपणे अनेक वर्षे जातात. आज केंद्रात पॉझिटिव्ह ठरलेल्या माणसाला संसर्ग गेल्या महिन्यात झालेला असतो असे फारच क्वचित घडते. बहुतेकांचा तो दोन, पाच, आठ वर्षांपूर्वीचा असतो. त्यामुळे टाळेबंदीत नवे संसर्ग काही अंशी घटले असे जरी मानले, तरी त्याचा परिणाम पुढच्या काही वर्षांच्या आकड्यांत हळूहळू दिसायला हवा. एप्रिलमध्ये लोक घरात बसले आणि एप्रिलमध्येच निदानांचा आकडा कोसळला, तर त्या घसरणीचे कारण संसर्गात शोधता येत नाही. ते चाचणीतच शोधावे लागते.

याला आधार देणारा सर्वांत स्वच्छ अभ्यास दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताळ प्रांतातला आहे. तेथील ६५ प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. एप्रिल २०२० मध्ये एचआयव्ही चाचण्या सुमारे ४८ टक्क्यांनी घटल्या आणि नव्याने उपचार सुरू होणाऱ्यांची संख्याही खाली आली. मात्र आधीपासून गोळ्या घेणाऱ्यांचे केंद्रात येणे जवळपास पूर्वीसारखेच राहिले. केंद्रे तीच, कर्मचारी तेच, टाळेबंदीही तीच. कृष्णाकाठ यांनी म्हटलेली यादी आतल्यांना तारून गेली आणि बाहेरचे बाहेर राहिले. एड्स, क्षय आणि हिवतापाविरुद्ध पैसा पुरवणाऱ्या ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीच्या मदतीने काम चालणाऱ्या देशांतही तेच दिसते. २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये तिथे चाचण्या २२ टक्क्यांनी कमी झाल्या, तर उपचार घेणाऱ्यांची संख्या ८.८ टक्क्यांनी वाढली.

अशा काळात चाचण्यांमागे पॉझिटिव्ह निघण्याचे प्रमाण वाढू शकते, आणि तेही फसवे असते. केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका केंद्रात एरवी १,००० चाचण्यांत ५ जण पॉझिटिव्ह निघतात, म्हणजे अर्धा टक्का. महामारीत चाचण्या ५०० वर आल्या आणि त्यांत ४ निघाले, तर प्रमाण ०.८ टक्के होते. कोणी म्हणेल आजार वाढला, कोणी म्हणेल रुग्ण पाचावरून चारावर आले. प्रत्यक्षात घडलेले असते एवढेच की धडधाकट माणसे यायची थांबली आणि फार आजारी पडलेली तेवढी आली.

म्हणून मी निदानांच्या संख्येपेक्षा दुसऱ्या एका आकड्याकडे बघायला सांगेन, तो म्हणजे निदानाच्या वेळची सीडी-४ पेशींची, म्हणजे एचआयव्ही नष्ट करत जातो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची, संख्या. ती २०० च्या खाली असेल तर आजार पुढच्या अवस्थेत गेला आहे असे धरतात. नव्याने सापडलेल्यांत अशांचा वाटा किती होता, हे कोणत्याही जिल्ह्याने २०१९ ते २०२२ या वर्षांसाठी ओळीने मांडले, तर चुकलेल्या चाचण्यांचे मोल त्यातून कळेल.

क्षयरोगाचा दुवाही विसरू नये. एचआयव्हीमुळे क्षयाचा धोका वाढतो, म्हणून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही चाचणी व्हावी असा आपला नियम आहे. देशात २०१९ मध्ये क्षयाचे २४.०४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये १८.०५ लाख. न नोंदलेल्या त्या सहा लाखांपैकी कित्येकांच्या एचआयव्ही चाचणीचा हक्काचा प्रसंग तिथेच हुकला.

काचपट्टी

मी आयसीटीसीचा तंत्रज्ञ आहे, कंत्राटी. कृष्णाकाठताईंनी लिहिलेला स्वॅबवाला माणूस जणू मीच. आमच्याकडे सलग काही महिने दुपारपर्यंत स्वॅब आणि त्यानंतर माझे मूळ काम अशी विभागणी होती. ऐकायला ठीक वाटते, पण खेड्यातला माणूस सकाळच्या गाडीने येतो आणि दुपारच्या गाडीने परततो. दुपारी उघडणारे केंद्र त्याच्यासाठी बंदच असते. शिवाय त्या काळात एसटीच नव्हती.

यंत्रांचेही सांगायला हवे. क्षयासाठी आलेली सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रे कोविडच्या नमुन्यांना लावली गेली. ट्रूनॅट तर आपल्या गोव्यातील कंपनीचे, लहान ठिकाणीही चालणारे यंत्र, त्यामुळे त्याच्यावर सर्वांत आधी ताण आला. उलट बाजूही नोंदवतो. जुलै २०२० मध्ये मुंबई, नोएडा आणि कोलकाता येथील आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संस्थांत मोठ्या क्षमतेची यंत्रे सुरू झाली, तेव्हाच सांगितले गेले होते की महामारीनंतर त्यांवर एचआयव्ही, हिपॅटायटिस, क्षय यांच्याही तपासण्या होऊ शकतील. तसा उपयोग होत असेल तर महामारीने दिलेली ती खरी पुंजी आहे.

एचआयव्हीचे निदान एका पट्टीवर होत नाही, हेही नवख्या वाचकांसाठी सांगतो. पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली, म्हणजे तिने संसर्गाची शक्यता दाखवली, की वेगळ्या बनावटीच्या आणखी दोन चाचण्या करतात आणि तिन्ही जुळल्यावरच निकाल देतात. गावात शिबिरात बोटातून थेंब घेऊन केलेली चाचणी ही केवळ चाळणी असते; त्या माणसाला पक्क्या निदानासाठी केंद्रात यावेच लागते. टाळेबंदीच्या आधीच्या आठवड्यात एका शिबिरात रिॲक्टिव्ह आलेले दोघे माझ्या वहीत ‘संदर्भित’ म्हणून लिहिलेले होते. एक जून महिन्यात आला. दुसऱ्याच्या नावापुढची ओळ मी वही संपेपर्यंत रिकामी ठेवली होती.

जगणे_सुरू

मी यादीतला माणूस आहे. २००९ पासून गोळ्या घेतो. मार्च २०२० मध्ये नॅकोने एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायला परवानगी दिली. ज्यांना केंद्रात जाता येत नव्हते त्यांच्या गोळ्या आमच्या गटातील मुले दुचाकीवरून पोहोचवत होती. पिशवीवर काही लिहायचे नाही, घरात ‘रक्तदाबाचे औषध’ म्हणून द्यायचे, असे ठरले होते. आमच्यापैकी कोणाचाही डोस चुकू नये म्हणून लोक किती झिजले हे मी पाहिले आहे आणि त्याबद्दल मी कायम ऋणी राहीन.

पण याच काळातली एक गोष्ट मला टोचत राहते. माझा एक जुना मित्र मालवाहू गाडीवर चालक होता. दोन वर्षे मी त्याच्या मागे लागलो होतो की एकदा तपासून घे. शेवटी तो म्हणाला, ‘पाडवा होऊ दे, पाडव्यानंतर येतो.’ त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता. त्यानंतर तो कुठल्याशा चेकपोस्टवर अडकला, मग गावी गेला, मग गावाने त्याला शाळेत चौदा दिवस ठेवले. मी फोन केला की म्हणायचा, ‘आता दवाखान्याचं नावच नको, आत गेलो की ठेवून घेतील.’ २०२१ च्या पावसाळ्यात तो आला तेव्हा क्षय फुप्फुसांबाहेर पसरला होता. आज तो आहे, गोळ्या घेतो, पण गाडी चालवण्याची ताकद त्याच्यात परत आली नाही. त्याच्या पत्नीचीही चाचणी तेव्हाच झाली आणि तीही पॉझिटिव्ह निघाली. ते पाडव्याला आले असते तर काय झाले असते, याचा हिशेब मी करू नये असे सगळे सांगतात.

फिजिशियन_सोलापूर

मला डॉक्टर म्हणून एक कबुली द्यायची आहे, कारण तिचा उपयोग पुढच्या कोणाला तरी होईल.

एचआयव्हीचे निदान न झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती फार खालावली की त्याला न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया होऊ शकतो. कोरडा खोकला, वाढत जाणारी धाप, उतरणारा ऑक्सिजन आणि सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत धुक्यासारखी छटा. आता हेच वर्णन कोविडच्या न्यूमोनियाला लावून पाहा. २०२० च्या उत्तरार्धात आमच्या वॉर्डात असा एक चाळिशीचा रुग्ण होता. आरटीपीसीआर दोनदा निगेटिव्ह आली आणि आम्ही सर्वांनी ‘स्कॅन बोलतोय, कोविडच आहे’ असे धरले. त्याची धाप दोन-तीन दिवसांची नव्हती, दोन महिन्यांपासून हळूहळू वाढत होती, आणि वजनही बरेच उतरले होते. हे त्याच्या बहिणीने फोनवर सांगितले होते, पण नातेवाईक आत येत नसल्याने ते केसपेपरवर उतरलेच नाही. सहाव्या दिवशी एका कनिष्ठ सहकारी डॉक्टरने त्याच्या तोंडातील पांढरे चट्टे पाहिले आणि एचआयव्ही चाचणीविषयी विचारले. त्यानंतर योग्य औषध, म्हणजे को-ट्रायमोक्झॅझोल, सुरू झाले. सहा दिवस आमचे गेले, त्याचेही गेले. तो वाचला याचे श्रेय पूर्णपणे त्या कनिष्ठ डॉक्टर मुलीचे.

वॉर्डात एकाच आजाराचे शंभर रुग्ण असले की एकशे एकावाही त्याच आजाराचा दिसतो. महामारीचा निदानावर होणारा परिणाम चाचणी केंद्रापुरता नसतो, तो डॉक्टरांच्या डोळ्यांवरही होतो. माझे मत असे की धाप लागून भरती होणाऱ्या प्रत्येक रुग्णाला महामारीच्या काळातही, किंबहुना त्या काळात अधिकच, एचआयव्ही चाचणी देऊ केली पाहिजे.

शिकागोकर

डॉक्टरसाहेब, आपण म्हणता ते येथे प्रत्यक्ष केले गेले. अमेरिकेत २०२० मध्ये एचआयव्हीची नवी निदाने आदल्या वर्षीपेक्षा १७ टक्क्यांनी कमी नोंदली गेली आणि येथील सीडीसीने, म्हणजे सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेने, स्वतःच बजावले की ही घट चाचण्या खंडित झाल्यामुळेही आहे, तिला प्रगती समजू नये. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयाने आपत्कालीन विभागात कोविडच्या तपासणीबरोबर रक्ताची एचआयव्ही चाचणीही चालू ठेवली. नुकताच संसर्ग झालेल्यांना ताप, घसा दुखणे, अंगदुखी अशी लक्षणे काही दिवस येतात, आणि ती लोकांना कोविडची वाटतात. कोविडच्या भीतीने आलेल्यांमध्ये अगदी ताज्या एचआयव्ही संसर्गाचे रुग्ण तिथे एरवीपेक्षा जास्त सापडले. एरवी अशी माणसे तापाची गोळी घेऊन घरीच राहिली असती. शिवाय मार्च २०२० पासूनच काही संस्थांनी स्वतः करावयाच्या चाचणीचे संच टपालाने घरी पाठवायला सुरुवात केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने अशा स्वचाचणीची शिफारस २०१६ मध्येच केलेली आहे.

जगणे_सुरू

शिकागोकर आणि डॉक्टर, दोघांचा हेतू चांगला आहे, तरी सावध करतो. आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. माणसाची माहितीपूर्ण संमती घेतल्याशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. तोंडाला ऑक्सिजन लावलेल्या, एकट्या पडलेल्या, घाबरलेल्या माणसाकडून कागदावर सही घेणे म्हणजे संमती नव्हे. ‘चाचणी देऊ केली पाहिजे’ हे मान्य, पण ती देऊ करणारा माणूस समुपदेशक असावा, आणि त्या वर्षी समुपदेशक दुसरीकडे फोन लावत बसले होते. स्वचाचणीचेही तेच. निकाल हातात आल्यावर रात्री अकरा वाजता माणसाने कोणाशी बोलायचे, याची सोय आधी हवी.

फिजिशियन_सोलापूर

आपला मुद्दा मान्य आहे. माझ्या वाक्यात ‘समुपदेशकासह’ हा शब्द असायला हवा होता.

वाचक_नाशिक

माझ्या शंकेचे निरसन झाले, सर्वांचे आभार. ताई, गरोदर स्त्रियांच्या नोंदी तुरळक होत्या असे आपण लिहिलेत. त्यांचे पुढे काय झाले?

कृष्णाकाठ

हा प्रश्न कोणी विचारेल असे वाटले होते. त्या काळात गावातील तपासणीचे दिवस काही आठवडे बंद राहिले, त्यामुळे गरोदरपणात एकदाही तपासणी न झालेल्या स्त्रिया थेट कळा सुरू झाल्यावर येऊ लागल्या. मे महिन्यात एक पहिलटकरीण पहाटे तीनला अशीच आली. परिचारिकेने प्रसूतिकक्षातच बोटातून रक्त घेऊन चाचणी केली, ती रिॲक्टिव्ह आली, आणि मला घरून बोलावले. दोन कळांच्या मध्ये जेवढे बोलता येते तेवढे मी तिच्याशी बोलले. एवढ्या कमी वेळात एवढी मोठी गोष्ट मी कधीच कोणाला सांगितली नव्हती. तिला औषध सुरू झाले. बाळ झाल्यावर त्याला नेव्हिरपीनचे सिरप पाजायला मी तिच्या आईला शिकवले. सिरिंजवरची खूण म्हातारीला दिसेना, म्हणून त्या खुणेवर लाल दोरा बांधून दिला.

पुढचा टप्पा सहाव्या आठवड्याचा होता. नेहमीची चाचणी विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात असल्यामुळे एवढ्या लहान बाळाला ती चालत नाही. टाचेतून काढलेले थेंब गाळणकागदाच्या कार्डावरील वर्तुळांत सोडून, वाळवून, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह बंद करून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. एसटी बंद होती. मी त्यांच्या गावच्या आशाताईंना केवळ ‘लसीसाठी आणा’ असा निरोप दिला, कारण खरे कारण गावात जाणे परवडणारे नव्हते. लसीचा दिवस आणि या चाचणीचा दिवस एकच असतो, याचा असा फायदा होतो. ते आले. काचपट्टी यांच्यासारख्याच आमच्या तंत्रज्ञाने स्वॅबची रांग अर्धा तास थांबवून ते थेंब घेतले. कुरिअर सुरळीत नव्हते, म्हणून ते कार्ड आमच्या कपाटात कितीतरी दिवस पडून राहिले. मी रोज सकाळी कपाट उघडून पुडीतील दाण्यांचा रंग बदलला नाही ना, ते पाहत असे. निकाल निगेटिव्ह आला.

बाळाच्या वडिलांची चाचणी मात्र त्या दिवशी झाली नाही. ते मोटारसायकलवर दोघांना घेऊन आले होते, पण रुग्णासोबत एकालाच आत सोडायचे असा नियम होता आणि बाळाबरोबर आई आत आली. मी फाटकापर्यंत जाऊन त्यांच्याशी बोलले. अंतर राखून, मास्क लावून, पहारेकऱ्यासमोर आणि रांगेसमोर या विषयावर जेवढे बोलता येते तेवढेच, म्हणजे काहीच नाही. ‘पुढच्या वेळी तुम्हीही आत या’ इतके म्हटले. त्यांनी मान हलवली.

ते आत आले बाळाच्या अठराव्या महिन्याच्या अखेरच्या चाचणीला, नोव्हेंबर २०२१ मध्ये. बाळ निगेटिव्ह होते. वडिलांच्या तिन्ही चाचण्या रिॲक्टिव्ह आल्या आणि त्यांची सीडी-४ संख्या २०० च्या खाली होती.